सत्तर पावलांवरून

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात तुरीच्या पिवळ्या फुलांवरचं दहिवर निथळू लागलं, की मला निवृत्तीदादा डोळे मिटून बसलेला दिसतो. माझा थोरला चुलतभाऊ. मांडीवर बांबूचं धनुष्य, मान किंचित डावीकडे कललेली, आणि मुद्रेवर अशी निश्चल, तृप्त शांती, की बघणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. निदान माझा तरी व्हायचा.

मंठ्याकडच्या आमच्या शिवारात रानडुकरं मक्यात शिरली की राखणीला सगळे त्यालाच बोलावत. शिकार कायद्यात बसत नाही हे आम्हा साऱ्यांना ठाऊक होतं. आडवं झालेलं पीक पाहिलं की कुणाला कायदा आठवत नसे, एवढंच. दादाचा एक दंडक होता. जनावराच्या दातांत कणीस मोडल्याची कुरकुर आपल्या कानी आली, तरच दोरी ओढायची. ऐकू येत नाही, म्हणजे ते दूर आहे. आणि दूरच्यावर बाण टाकायचा नाही. "लांबून मरत न्हाई ते, नुस्तं तडफडतंय," तो म्हणे. कित्येक सकाळी तो रिकाम्या हातानं परते, आणि आबा, माझे सख्खे वडील, त्या रिकाम्या हातांचंच कौतुक करत. "हात आवरता येतो त्याला," म्हणत. माझ्याकडे बघून म्हणत बरं का!

मग मी शहरातून टोकांना चाकं असलेलं, लांबवर बाण फेकणारं नवं धनुष्य आणलं. देवळासमोर सत्तर पावलांवरचा डबा पहिल्याच बाणात पाडला, तेव्हा सारं गाव वाहवा करत होतं. आबा तेवढे उठून गोठ्याकडे गेले. त्यांनी एकदा, फक्त एकदा, मला शाबास म्हणावं, याहून मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

त्याच आठवड्यात झुंजूमुंजू होताना मक्याच्या कडेला एक डुकरीण उभी राहिली. तेवढ्याच अंतरावर. दादानं कान दिला आणि मान हलवली. "थांब. काहीच ऐकू येऊन न्हाई राह्यलं." मी थांबलो नाही. डबा जागचा हलत नसतो. ती मात्र, बाण हवेत असतानाच, एक पाऊल पुढं सरकली. बाण पोटात रुतला आणि तिच्या किंकाळीनं सारं शिवार जागं झालं.

दादा धनुष्य खांद्याला अडकवून उठला. अरे, शिव्या तरी द्यायच्या! रक्ताच्या थेंबांमागं तो बाभळींतून वाकून दुधनेच्या काठापर्यंत चालत गेला, आणि त्याच्या मागून मी. उन्हं कलली तेव्हा ती चिखलात सापडली, अजून जिवंत. अगदी जवळ जाऊन त्यानं तिला यातनांतून सोडवलं आणि माझा बाण उपसून नदीत टाकला.

गावात शिरताच आबांनी विचारलं, "कुनाचा बाण व्हता?"

"माझाच, काका. घाई झाली."

लोक हसले. निवृत्तीचे कान गेले म्हणाले. पुढं राखणीला त्याला कुणी बोलावेनासं झालं. मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेहून मोठा होता तो जळफळाट. माझी चूकसुद्धा त्याच्या अंगावर शोभून दिसत होती!

दादाला जाऊन आता तीन वर्षं झाली. आबांची नव्वदी उलटली आहे. परवा ओट्यावर उन्हाला बसले असताना ते म्हणाले, "निवृत्ती सोनं व्हता रे. एक बाण तेवढा चुकला त्याचा."

माझ्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं. ऐकून घ्यायला आबांपाशी आता फार दिवस नाहीत, हेही मला कळतं. पण खरं सांगितलं, की दादा त्यांच्या डोळ्यांत आणखी उजळणार, आणि मी आहे त्याहून लहान होणार.

"हो आबा," मी म्हणालो, "तेवढा चुकला."

काळानं दादाचा आवाज नेला, चेहराही हळूहळू नेतो आहे. त्याच्या नावावरचा तो एक डाग मात्र मी अजून काळालाही पुसू देत नाही.