नाव आणि पत्ता सांगा

मित्रांनो, ज्याच्यापुढे उभे राहिले की भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडते, तो मी. मी एक जुना लाकडी पोडियम आहे. हॅलवर लेक या छोट्या गावाच्या नगर परिषदेच्या सभागृहात माझे सारे आयुष्य गेले. गावातले बोलिंगच्या खेळाचे दालन बंद पडले, तेव्हा त्याची मेपलच्या लाकडी फळ्यांची जमीन शाळेतल्या सुतारकामाच्या वर्गाने उचलून आणली आणि तिच्यातून मला घडवले. चेंडू घरंगळल्याच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. एक पाय त्या मुलांनी जरासा आखूड कापला. म्हणून मी डुगडुगतो, आणि माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी असते.

नवा होतो तेव्हा माझे फार कौतुक झाले. माझ्यासोबत लोकांनी फोटो काढले. पुढे लोक तक्रारी फोनवरून पाठवू लागले. मग माझ्यावर ओले कोट टांगले जाऊ लागले. मला राग यायचा, पण लाकडाच्या रागाला विचारतो कोण?

तरी सभेच्या संध्याकाळी मीच राजा. गावातल्या कोणालाही माझ्यापुढे उभे राहून बोलता येते. फक्त आधी नाव आणि पत्ता सांगायचा. सगळे एकमेकांना पाळण्यापासून ओळखतात, तरीही सांगायचा. टाळ्या वाजवायला मनाई आहे. बोलणे आवडले तर दोन्ही हात वर करून बोटे नाचवायची. माणसांचे चेहरे मला नीट दिसत नाहीत, पण माझ्या कडा धरणारे हात मी कधी विसरत नाही.

एका हिवाळ्यात डार्लीन स्टेनरुडचे हात आले. रस्त्यांवरचा बर्फ हटवणारी गावाची गाडी ती चालवते. कितीतरी वर्षे गाव तिला पुरुष समजत होते. आपण स्त्री आहोत हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. चाळिशी उलटल्यावर ती उघडपणे तशी जगू लागली. त्याच महिन्यात घरमालक मिल्टन ग्रोटेने तिला खोली सोडायला लावली.

धर्म, वर्ण, वय, अपंगत्व अशा कारणांवरून कोणाला घर किंवा नोकरी नाकारायची नाही, असा आमच्या गावाचा कायदा होता. त्यात लिंगओळख आणि ती व्यक्त करण्याची पद्धत याही गोष्टी घालाव्यात, असा ठराव आला होता. आमच्याकडे असा ठराव तीन वेगवेगळ्या सभांत वाचतात आणि तिसऱ्या वाचनानंतर मत घेतात.

पहिल्या वाचनाला नगराध्यक्षा ह्युसबीबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "नाव आणि पत्ता सांग."

"डार्लीन स्टेनरुड." तिने माझ्या कडा घट्ट धरल्या. "पत्ता... सध्या बहिणीचं तळघर. ते गावाच्या हद्दीबाहेर आहे."

ह्युसबीबाईंना अवघडल्यासारखे झाले. "हद्दीबाहेरच्यांना शेवटी बोलायला मिळतं गं. नियम आहे."

"मग बसते. बर्फात रात्र काढायची सवय आहे मला."

तिची पाळी आली तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. ती थोडेच बोलली. "हे झालं नाही तर मला कायमचं बहिणीकडे जावं लागेल. मला जायचं नाही. तुमच्या दारापर्यंतचे रस्ते मी मोकळे केलेत. मला याच गावात राहायचंय." तिच्या तळव्यांचा घाम माझ्या लाकडात उतरला. खोटे कशाला सांगू, तेव्हापासून मी तिच्या बाजूचा झालो.

विरोधकांचे एकच पालुपद होते. "आपल्या गावात असं काही होतच नाही, मग कायदा कशाला? मिल्टनला खोली रंगवायची असेल, म्हणून रिकामी करून घेतली असेल." नगरसेवकांत तीन जण बाजूने होते, तीन विरोधात. उरले म्हातारे टोलेफसन. कोणी चुकून टाळी वाजवली की तेच खेकसायचे. ते म्हणायचे, "डार्लीन सांगते एक, लोक सांगतात दुसरं. मी मत द्यायचं तरी कशाच्या जोरावर?"

तिसऱ्या वाचनाला सभागृह खच्चून भरले. मागच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी लिंबाच्या वड्या आणल्या होत्या आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या वड्या खात होत्या. तेवढ्यात मिल्टन ग्रोटे उठला. विरोधकांनी हात वर करून त्याच्यासाठी बोटे नाचवली. त्याने नाव सांगितले, पत्ता सांगितला आणि माझ्यावर मूठ आपटली. मी डुगडुगलो.

"मी रंगकामासाठी खोली रिकामी केली असं लोक बोलतायत. मी आडून बोलणारा माणूस नाही. भाडं वेळेवर यायचं. खोली चकचकीत असायची. माझ्या दारातला बर्फसुद्धा हीच काढायची. पण ती बाईचे कपडे घालून जिना उतरली आणि मी म्हटलं, सामान उचल. माझं घर आहे. कायद्यानं मला अडवलं नाही, आणि अडवूही नये."

त्याच्या बाजूची मंडळी हातातल्या वड्यांकडे बघत बसली.

टोलेफसन नगर परिषदेच्या वकिलांकडे वळले. "यानं कुठला नियम मोडला?"

"कुठलाच नाही."

"उद्या दुसऱ्या कोणाला असंच काढलं तर?"

"तरी नाही."

"मिल्टन, मी तुला शाळेपासून ओळखतो. तू खरं बोललास, आभारी आहे. माझं मत ठरलं."

"अरे, मी विरोधात बोललो!"

"ते कळलं मला. बस आता."

नावे पुकारली गेली. शेवटी टोलेफसन म्हणाले, "होय." ह्युसबीबाईंचा हातोडा पडला. आधी शेकडो बोटे हवेत नाचली. मग एक टाळी वाजली, आणि ती टोलेफसनांची होती. त्यानंतर कोण कोणाला आवरणार? सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. डार्लीन माझ्यापाशी आली आणि माझ्यावर डोके टेकून रडली. मित्रांनो, इतका आनंद मला फोटो काढले तेव्हाही झाला नव्हता.

बर्फ वितळल्यावर ती पुन्हा आली, हातात एक जळालेला बल्ब घेऊन.

"नाव आणि पत्ता सांग."

"डार्लीन स्टेनरुड. चौदा, मिल स्ट्रीट, वरचा मजला."

ती मिल्टनचीच खोली होती. त्याने भाड्याची पाटी लावली, पहिली डार्लीनच येऊन उभी राहिली, आणि नव्या कायद्यामुळे तिला नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

"नीट ऐकू आलं नाही," ह्युसबीबाई म्हणाल्या. त्यांना स्वच्छ ऐकू आले होते. "पुन्हा एकदा सांग बघू."

डार्लीनने पुन्हा सांगितले, आणि या वेळी पार दारापर्यंत ऐकू गेले. "माझी तक्रार अशी की आमच्या जिन्यातला दिवा गेलाय आणि घरमालक दाद देत नाही."

"उद्या बसवतो म्हटलं ना!" मागून मिल्टन ओरडला. सगळे हसले. तीही हसली. तिचे हात माझ्यावर सैल पडले होते.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा धातूचा पोडियम आणायचे चालले आहे. हवे तर माझा आखूड पाय दुरुस्त करा, फडक्याने पुसा, पण अडगळीत टाकू नका. कोणीतरी अजून मागच्या खुर्चीत आपल्या पाळीची वाट बघत बसले असेल, आणि त्याला स्वतःचा पत्ता सांगायचा असेल.