फटीतला रस्ता

मिस्त्रींच्या कामात नख शिरत नाही, असं सगळा बाजार म्हणायचा आणि मिस्त्री ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मनात मात्र गुदगुल्या व्हायच्या. कपाट असो की जेवणाचं टेबल, दोन फळ्यांमध्ये फट दिसली की त्यांना अन्न गोड लागत नसे. असा हा माणूस उतारवयात एका जुनाट पिकअपचा हौदा नव्याने करायला बसला, तेव्हा शेजारच्या दुकानदारांनी भुवया उंचावल्या.

गाडी वडिलांची होती. तिचा लाकडी हौदा वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधला होता आणि सुतारकाम त्यांना यथातथाच येत होतं. फळ्या ओबडधोबड, मधल्या फटी कुठे बोटभर तर कुठे दोन बोटं. वडिलांच्या मागे गाडी धाकट्या भावाकडे गेली. विटा, पोती, लोकांचं घरसामान, जे मिळेल ते त्याने तिच्यातून वाहिलं.

कधीकाळी याच धाकट्याने दुकानात येऊन गळ घातली होती. "दादा, हौद्याच्या फळ्या कुजल्यात रे. तेवढ्या बदलून दे ना."

मिस्त्री तेव्हा एका बड्या गिऱ्हाइकाला कोरीव कपाट दाखवत होते. वर न बघताच ते म्हणाले, "मी फर्निचर करतो. खोकी ठोकत नाही."

गिऱ्हाईक हसलं. धाकटाही हसला, चारचौघांत हसून वेळ मारून न्यायची त्याची जुनी सवय. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. पुढे एकदा पाठीवर पोतं घेऊन उतरताना त्याचा पाय कुजक्या फळीतून आरपार गेला आणि खुबा मोडला. आधी काठी आली, मग चाकांची खुर्ची आणि आता तर त्याने अंथरूणच धरलं होतं.

त्याने दादाला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. तेच तर वाईट झालं. चार शिव्या घातल्या असत्या तर मिस्त्रींनीही दोन परत केल्या असत्या आणि दोघं मोकळे झाले असते.

म्हणून पुतणी दुकानात आली आणि म्हणाली, "काका, इंजिन मी चालू करून घेतलंय. बाबांना एकदा गाडीतून फिरवून आणायचंय. हौदा तेवढा तुम्ही बघाल का?" तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत मिस्त्री उठून उभे राहिले होते.

"बाबांना एकदा विचारून घ्या हं, कसा हवाय ते," ती जाता जाता म्हणाली.

"हौदा कसा करायचा ते आता धाकटा मला शिकवणार? त्याला सांगूसुद्धा नकोस. एकदम बघू दे."

जुन्या फळ्या त्यांनी उपटून बंबात घातल्या. स्वतःच्या पलंगासाठी वर्षानुवर्षं राखून ठेवलेलं सागवान काढलं. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ, मध्ये सरस, असा एकेक जोड ठोकून बसवला. माफी मागणं त्यांच्या तोंडाला कधी जमलं नव्हतं. ते काम त्यांनी रंध्यावर सोपवलं. शेवटचा पॉलिशचा हात फिरवला तेव्हा त्यांनी सवयीने जोडांवरून नख ओढून पाहिलं. कुठेही अडलं नाही. इतकं चांगलं काम आपल्या हातून आजवर झालं नाही, असं त्यांना वाटलं आणि ते खरंही होतं.

धाकट्याला खुर्चीवरून आणलं तेव्हा तो काडीसारखा झाला होता. हौद्यावर हात फिरवून म्हणाला, "दादा, आरसाच केलास की!" मग पुढच्या सीटवर बसायला त्याने साफ नकार दिला. "मला मागेच ठेवा."

पुतणीने आणि शेजाऱ्याने त्याला उचलून हौद्यात अंथरलेल्या गादीवर निजवलं. मिस्त्री बाजूला टेकून बसले. गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली, तसा धाकटा गादीवरून सरकला आणि दात घट्ट आवळून पालथा झाला. गाल फळीला टेकवून तो बोटांनी काहीतरी चाचपत राहिला. मिस्त्रींना वाटलं, जोड बघतोय.

"दादा," तो म्हणाला, "रस्ता कुठाय?"

आणि मिस्त्रींना सगळं आठवलं. वडील गाडी चालवताहेत. मागे हौद्यात दोघं भाऊ पालथे पडून, फटीला डोळा लावून खाली पळणारा रस्ता बघताहेत. मागच्या फाळक्याजवळची दोन बोटांची फट दादाची, कारण तो मोठा. धाकट्याला शेजारची, चिंचोळी. तो सारखा विचारायचा, "दादा, तुला काय दिसतंय?" आणि दादा खुशाल थापा मारायचा: साप दिसला, सोन्याची अंगठी दिसली.

त्यांचा चेहरा पाहून धाकटाच घाईने म्हणाला, "राहू दे रे. मस्त झालंय. एवढ्या गुळगुळीत टेबलावर कोण झोपलंय आजवर?" आणि तो हसला, दुकानात हसला होता तसाच.

"उद्याच सोडवतो. फटी ठेवून पुन्हा बसवतो. मग जाऊ परत," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कामाला लागले. पण जोड सुटेनात. पटाशी लावायला जागा नव्हती, नख शिरत नव्हतं तिथे पटाशी काय शिरणार? जीभ खाचेत घट्ट, वर सरस वाळलेला. जन्मभराची कारागिरी त्यांच्याच पुढे हटून बसली. शेवटी करवत घेतली आणि एकेक जोड उभा कापायला सुरुवात केली. निम्मा हौदासुद्धा मोकळा झाला नव्हता, तेव्हा पुतणी दारात येऊन उभी राहिली. "काका, राहू द्या आता," ती म्हणाली, "बाबा गेले." मिस्त्रींनी करवत खाली ठेवली आणि ते तिथेच, भुशात, बसले.

हौदा त्यांनी पुरा केला, पण बऱ्याच दिवसांनी. फटी ठेवल्या, कुठे बोटभर, कुठे दोन बोटं, वडिलांनी ठेवल्या होत्या तशा. मग पुतणीला म्हणाले, "जरा फिरवून आण."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तसे ते गुडघे धरत खाली बसले आणि पालथे झाले. फाळक्याजवळची रुंद फट त्यांनी मोकळी सोडली आणि शेजारच्या चिंचोळ्या फटीला डोळा लावला. खाली नुसती करडी रेघ पळत होती. साप नाही, अंगठी नाही, खडासुद्धा धड ओळखू येत नव्हता. इतक्या वेळा विचारत होता बिचारा, आणि जागा बदलून घे म्हणायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

"काका," पुतणीने पुढून ओरडून विचारलं, "दिसतंय का काही?"

मिस्त्रींनी हात लांब करून शेजारच्या रिकाम्या फळीवर ठेवला. "नाही गं," ते म्हणाले, "इथून काहीच दिसत नाही."