लोह्याजवळ बारा मिनिटं

नव्या गाडीचं ॲप फोनवर आल्यापासून पंचशीलाबाईंना चाळाच लागला होता. ऑफिसात असोत की स्वयंपाकघरात, मधूनच बघायच्या: गाडी कुठं आहे, किती वेगात आहे, इंजिन कधी बंद झालं.

गाडी चालवायचे पंढरीकाका. मुखेडचे, एसटीत एकोणतीस वर्षं काढलेले. दर रविवारी ते नांदेडहून लातूरला जाऊन बाईंच्या लेकीला, महामायाला, घरचा डबा पोचवून यायचे. ती तिथं क्लासला होती.

तीन रविवार बाईंनी पाहिलं. लोह्याजवळ बारा मिनिटं, अहमदपूरच्या अलीकडे आठ, चाकूरपाशी पुन्हा दहा. तिथं ना हॉटेल, ना पंप. मनात पाल चुकचुकली. डिझेल काढतात, की सवाऱ्या घेतात?

चौथ्या रविवारी दीर-जाऊ जेवायला आले होते. काका किल्ली द्यायला आत आले, तसा बाईंनी सगळ्यांसमोर फोन पुढे धरला.

"काका, लोह्याजवळ बारा मिनिटं गाडी कशाला उभी होती?"

काकांनी नकाशावरची लाल टिंबं पाहिली. "हे गाडी सांगती व्हय?"

"सगळं सांगते. दार कधी उघडलं तेसुद्धा."

दीर हसले. काकांची मान खाली गेली. "साखर हाय मला, बाई. आन् लघवीचा तरास हाय. दम निघत न्हाई, आन् थांबलं तरी लौकर होत न्हाई. म्हनून झाडाच्या आडोशाला..." जाऊबाई ताट उचलून आत गेल्या.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. "बरं, बरं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. माफी मागायची राहिलीच.

पुढच्या रविवारी गाडी कुठंच थांबली नाही. औषध लागू पडलं असेल, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. दुपारी महामायाचा फोन आला. "आई, काकांना चक्कर आली. दवाखान्यात आणलंय. कालपासून पाणीच प्यायले नाहीत म्हणे, वाटेत थांबायला लागू नये म्हणून."

मिळेल त्या एसटीनं बाई लातूरला पोचल्या. काकांना सलाईन लावलेलं होतं.

"काका, चुकलं माझं. चारचौघांत तसं विचारायला नको होतं."

"चुकलं तर खरंच," काका म्हणाले. "एसटीत सायबांनी डिझेल इचारलं, टाइम इचारला. हे कुनी इचारलं न्हाई. मी बायकोला बी सांगितलं न्हाई, बाई. आन् तुमच्या दिराला म्हाईत हाय."

बाहेर येऊन बाईंनी गाडीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या फोनवर दिसणं बंद करता येईल. आमच्याकडे नोंद येतच राहील." बाईंनी ॲप काढून टाकलं. त्यानं मनाला थंडक मात्र पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखेडहून काकांची बायको केवळाबाई आली. "बाई, अवो कशानं झालं हे अचानक?"

काकांनी बाईंकडे पाहिलं.

"उन्हानं," बाई म्हणाल्या.

दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर बाईंनी गाडीनं सोडायचं म्हटलं. काका नको म्हणाले, कामावरही आता येत न्हाई म्हणाले. नवराबायको मुखेडच्या एसटीत बसले. गाडी हलेस्तोवर बाई खिडकीखाली उभ्या होत्या. केवळाबाईनं हात हलवला. काका समोर बघत राहिले.