‘गाळ’ ऐकतं कोण?

हेमेंद्रला पहिला संशय आला तो ओमेशवरच.

त्यांच्या बँडचं नाव ‘रानगवा’. गोंदियाजवळच्या गोरेगावात हेमेंद्रच्या वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान, त्यामागच्या गोदामात तिघे वाजवायचे. हेमेंद्र गिटार, ओमेश ड्रम, आणि हिमांशू गुरगुरायचा, नरडं फाडून. असलं मेटल संगीत इकडे कोण ऐकणार? पण ‘रोवणा’ हा पहिला अल्बम इंटरनेटवर गेला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. पार फिनलंडहून मेसेज आले. दुसरा अल्बम, ‘गाळ’, त्याहून कडक झाला होता असं हेमेंद्रचं मत. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. हिमांशू नोकरीसाठी पुण्याला निघून गेला.

मग धान निसवले, लोंब्या बाहेर पडल्या, आणि हेमेंद्रला मोबाईलवर अल्बमच्या आकड्यांत भलतंच दिसू लागलं. ‘गाळ’ वाजत होता. रोज दिवेलागणीला सुरू व्हायचा तो उजाडेपर्यंत, पुन्हा पुन्हा. ऐकणारा एकच, तोही गोंदिया जिल्ह्यातला.

असं रातभर कोण ऐकतं? ओमेशच लावून ठेवत असणार, आकडे फुगवायला. किंवा आपली खिल्ली उडवायला. हेमेंद्र त्याच्यावर नजर ठेवू लागला. संध्याकाळ झाली की ओमेश निघायची घाई करायचा. फोन उचलायचा नाही. कुठं होता विचारलं की म्हणायचा, घरी पाहुणे आले. रोज कसले पाहुणे?

एक दिवस हेमेंद्रने तोंडावरच म्हटलं, “तूच वाजवून राहिला ना ‘गाळ’? कायले भीक देतो मले?”

ओमेश बघतच राहिला. “पागल झाला काय बे? मी काऊन लावीन?”

“मग संध्याकाळी जातो कुठं?”

ओमेशने ड्रमच्या काठ्या पिशवीत टाकल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही नाही. हेमेंद्रला वाटलं, चोरी पकडली.

पण अल्बम वाजतच होता.

त्या आठवड्यात दुकानाच्या वसुलीला तो चोरखमारा गावाकडे गेला. परतताना दिवस बुडत होता. तलावाखालच्या धानाच्या बांध्यांजवळ त्याने गाडी थांबवली. धानातून हिमांशूचा आवाज येत होता. मग स्वतःची गिटारही ओळखू आली. तो धुऱ्याधुऱ्याने, बांधावरून, आवाजाच्या दिशेनं गेला.

मचाणाला भोंगा बांधला होता. खाली सुशिलाबाई बसली होती, हिमांशूची आई.

“काकू, हे तुम्ही लावता?”

“डुकरं येतेत ना बाबू, आवाजानं पळतेत. पोरानं जाताना फोन ठेवला, त्यातच आहे हे सारं.” तिला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. “पहिला लावून पाहिला. त्यात मधामधात चूप होते, तेवढ्यात डुकरं घुसतेत. ह्यात पोरगा थांबतच नाही.”

हेमेंद्र धुऱ्यावर बसला. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, घरी कधी ऐकला नव्हता तसा. सुशिलाबाई बॅटरीच्या उजेडात तांदूळ निवडत होती आणि एका ठिकाणी, ड्रम अंगावर येतात तिथं, तिचा हात क्षणभर थांबला.

सकाळी तो ओमेशच्या घरी गेला. सगळं सांगितलं. ओमेश हसेल असं त्याला वाटलं होतं.

“मी तिरोड्याच्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवून राहिलो,” ओमेश म्हणाला. “तुले सांगतलं असतं तं तू नाक मुरडलं असतं. म्हणून चूप होतो.”

“मले काय माहीत?”

“तू विचारलं नाही हेमेंद्र. तू ठरवून आला होता.”

ओमेश चहा प्यायला बस म्हणाला, तेवढंच. पुढं धान कापून झाल्यावर तो गोदामात येऊ लागला, वाजवूही लागला. पण फोन वाजला की उठून बाहेर जायचा, आणि हेमेंद्र गिटारच्या तारा जुळवत, कोणाचा असेल, असा विचार करत बसायचा.