हातभर खोल

चौकशीचा निकाल लागला आणि सगळ्या दोषाचं गाठोडं मेलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवून मंडळी मोकळी झाली. मालबोटीच्या कप्तानाला डुलकी लागली असणार. नाहीतर नकाशात खोल दाखवलेल्या वाटेवर बोट खडकावर चढेलच कशी? कप्तान म्हणजे ताईचा नवरा, आणि नकाशा केला होता ताईच्या पाठच्या भावाने.

त्याला काही चैन पडेना. ती वाट मोजली त्या दिवसाच्या सोनारच्या, म्हणजे आवाज तळावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली मोजणाऱ्या यंत्राच्या, नोंदी त्याने पुन्हा उघडल्या. सपाट असायला हवा तो तळ दोन्ही कडांना खाली वाकलेला, आणि तो खडक नेमका कडेलाच. आवाजाचा वेग चुकीचा धरला की तळ असाच वाकतो.

पाणी जसं खारट-गोडं, ऊन-गार होईल तसा पाण्यातला आवाजाचा वेग बदलतो. म्हणून दर थोड्या तासांनी वेग मोजायचं यंत्र दोरीने तळापर्यंत सोडावं लागतं. त्या दुपारी ओहोटीबरोबर नदीचं गार पाणी पसरलं, आवाज मंदावला. याने मात्र सकाळचाच वेग पुढे रेटला, कारण दाजींचा फोन आला होता, की मेहुणे, समुद्र कुठे पळून जात नाही, जेवण मात्र गार होतं. अर्ध्या तासाचा कंटाळा, आणि खडक कागदावर हातभर खोल गेला.

कबुलीचं पत्र आणि दुरुस्त नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवून तो ताईकडे गेला. नोकरी जाणार हे ठरलेलंच होतं. पाय अडखळले ते ताईच्या दारात. त्याने सगळं सांगितलं, जेवणाचा फोनसुद्धा. ताईने हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे ते झोपले नव्हते?"

"नाही, ताई. माझ्या नकाशाने नेलं तिथेच गेले."

तिने ना शिवी दिली, ना पाणी विचारलं. मग म्हणाली, "हे सासूबाईंना सांग. लोक बोलतात म्हणून त्यांनी चार महिने उंबरा ओलांडलेला नाही. आणि मग काही दिवस माझ्याकडे येऊ नकोस."

म्हातारी रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसली होती. तिच्या पायांशी बसून तो हळू आवाजात बोलला. तिने कानामागे हात धरला.

"मोठ्याने बोल रे बाबा, ऐकू येत नाही."

खिडकी सताड उघडी होती, खाली शेजारच्या बायका गप्पा मारत उभ्या होत्या. देवाने दिला होता तेवढा सगळा आवाज एकवटून तो म्हणाला, "चूक माझी होती, आई. तुमचा मुलगा जागा होता."