दारातली ओळख

सकाळचे ऊन त्या लांबट खोलीत एकदम कधी शिरत नसे. आधी ते झरोक्याच्या धुळकट काचेवर नुसते रेंगाळे; मग समोरच्या भिंतीवर तळहाताएवढा फिकट चौकोन उमटे, आणि तो इतक्या सावकाश खाली उतरे, की त्याचे उतरणे कुणाला दिसू नये, उतरलेला असणे तेवढे दिसावे. तीन शिवणयंत्रे, मुलांनी कर्कटकाने कोरलेला बाक, चपलांची फळी, असे एकेकाला स्पर्श करीत ते शेवटी पुढच्या दाराशी ठेवलेल्या खुर्चीच्या लाकडी हातावर येऊन टेके. तेव्हा साडेआठ झालेले असत, आणि खुर्चीत ताई बसलेल्या असत.

कोपऱ्यातल्या टेबलाशी अर्जाची प्रत पुढ्यात घेऊन तो आज त्या उन्हाकडेच पाहत बसला होता. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या तपासनीस बाई यायच्या होत्या. घर मोडलेली, शाळा सुटलेली मुले आणि त्यांच्या आया यांच्यासाठी ताईंनी काढलेले हे केंद्र आणखी तीन वर्षे चालणार, की महिनाअखेर त्याला कुलूप लागणार, हे बाईंच्या एका शेऱ्यावर ठरायचे होते.

अकरा वर्षे केंद्राचे अर्ज तोच लिहीत होता. चार माणसांत त्याची जीभ टाळूला चिकटे. म्हणून तो सर्वांच्या आधी, मागच्या दाराने येई आणि कागदात डोके खुपसून बसे. ताई त्याला कौतुकाने 'लेखकराव' म्हणत. "लेखकराव, तुमच्या शब्दांवर चाळीस घरं उभी आहेत हं, जरा जपून," असे म्हणून हसत. अलीकडे त्या नुसतेच 'अहो' म्हणत. कामाच्या व्यापात लक्षात राहत नसेल, असे त्याने ठरवून टाकले होते.

बाई आल्या. साधी साडी, झिजलेल्या टाचांच्या चपला. त्यांनी चहाला नको म्हटले आणि बाकावर जागा करून घेतली. "मी तुमचं सहावं कलम बघायला आलेय," त्या त्याला म्हणाल्या.

सहावे कलम त्याचा अभिमान होता. 'दारातली ओळख: येथे येणारा प्रत्येक जण दाराशी थांबून आपली ओळख आपणच करून देतो. ज्यांना आजवर कुणी विचारले नाही, त्यांना स्वतःबद्दल बोलण्याचे बळ त्यातून मिळते.' ही दोन वाक्ये घासण्यात त्याची एक अख्खी दुपार गेली होती.

दारात पंधरा वर्षांची मुलगी उभी राहिली. एका जागी ठरत नसल्यामुळे सगळे तिला भोवरा म्हणत.

"ताई, मी भोवरा. शाळा सोडलेली. तुमच्याकडे सुतारकाम शिकते. काल रंधा वाकडा धरला म्हणून तुम्ही मला झापलं होतंत."

ताईंचा चेहरा उजळला. "मग आज सरळ धर. ये."

पाठोपाठ एक बाई. "ताई, मी जुळ्यांची आई. नवरा निघून गेला तेव्हा तुम्ही ठेवून घेतलंत. आता कामाला लागलेय मी."

"छान झालं गं. जुळी काय म्हणतात?"

"भांडतात."

"भांडू देत. एकमेकांना धरून आहेत म्हणायचं."

तासभर माणसे येत राहिली. कुणी धाप लागलेले, कुणी जांभई देत. पण दाराशी प्रत्येक जण थांबे, सांगे, आणि मगच आत येई. तपासनीस बाई काही लिहीत नव्हत्या. मध्येच त्यांनी भोवऱ्याला जवळ बोलावले. "ही पद्धत कशासाठी गं? आत्मविश्वास वाढावा म्हणून?"

"माझा?" भोवरा म्हणाली. "माझा कमी करायला काही असेल तर सांगा, असं आई म्हणते."

खोलीत खसखस पिकली. शिवण शिकवणाऱ्या मावशी मात्र हसल्या नाहीत. "भोवरे, तोंड आवर आणि कामाला लाग," असे म्हणून त्यांनी यंत्र चालू केले.

बाई उठून त्याच्या टेबलाशी आल्या. "कलम नऊ. प्रमुख व्यक्ती नसताना काम कोण पाहतं? तुम्ही लिहिलंय, लागू नाही."

"ताई रोज असतात," तो म्हणाला.

बाईंनी खुर्चीकडे पाहिले. "असतात हो. माझे वडीलही रोज घरीच असायचे. आम्ही घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. हे न्हाणीघर, ही तुमची मोठी मुलगी. वाचून ते चिडायचे, फाडून टाकायचे." त्यांनी दाराकडे पाहिले. "आपणच दारात उभं राहून नाव सांगावं, हे आम्हा चार शिकलेल्या भावंडांत एकालाही सुचलं नाही."

तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवीत राहिला. शिवणयंत्र थांबले होते.

"सांगून टाका की त्यांना," मावशी भोवऱ्याकडे पाहत हलक्या आवाजात म्हणाल्या. "गेल्या वर्षीची गोष्ट. ताईंनी या कारटीला विचारलं, कोण गं तू? ही नुसती बघत राहिली. मग बाहेर गेली, चपला घातल्या, पुन्हा काढल्या, आत आली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या दिवशी जुळ्यांची आई तसंच बोलली. मग सगळेच. ठरवलं असं कुणीच नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतकं छान लिहिलंत त्यावर. म्हटलं, तुम्हाला ठाऊकच असणार."

त्याने मान वर केली आणि अकरा वर्षांत प्रथमच ती खोली पाहिली. ज्यांना बापाने टाकले, ज्यांची नावे शाळेने खोडली, ज्यांच्याकडून तासभर शिस्त पाळून घेता घेता शिक्षक रडकुंडीला येत, त्या माणसांनी एका बाईला आपला विसर पडला आहे हे तिचे तिला कळू नये, यासाठी वर्षभर, एकही दिवस न चुकता, दाराशी थांबून आपले दुःख पुन्हा पुन्हा उच्चारले होते. न सभा, न ठराव. हजेरी जुळ्यांची आई घेत होती, शाळांचे उंबरे मावशी झिजवत होत्या, नव्या मुलीच्या हातात रंधा भोवरा देत होती. वर्षानुवर्षे समुद्रावर लिहिणाऱ्याने एके दिवशी त्याच्या काठाशी यावे आणि आपण आजवर ओंजळीतल्या पाण्यावर लिहीत होतो हे कळावे, तसे त्याला झाले.

"पाचपर्यंत अर्ज माझ्याकडे उघडा आहे," बाई निघताना म्हणाल्या. "नऊ नंबर खरा भरा. 'लागू नाही'वर मला शेरा मारता येणार नाही."

त्या गेल्यावर तो उठला. मग मागच्या दाराने बाहेर पडला, इमारतीला वळसा घालून पुढे आला, फळीवर चपला ठेवल्या आणि दाराशी उभा राहिला. ऊन आता खुर्चीवरून सरकून ताईंच्या पावलांवर आले होते.

"ताई, मी," तो म्हणाला, आणि जीभ अडली. भोवऱ्याने रंधा खाली ठेवला. "मी लेखकराव. केंद्राचे अर्ज लिहितो. अकरा वर्षं झाली."

ताईंनी वर पाहिले. नव्या माणसाकडे पाहून त्या नेहमी हसत, तशाच हसल्या.

"या ना, बसा. इथं पहिल्यांदाच आलात?"

"हो," तो म्हणाला. थोडा वेळ तो त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. मग टेबलाशी जाऊन त्याने 'लागू नाही' खोडले. मावशी काय करतात, जुळ्यांची आई काय करते, भोवरा काय करते, हे कुठलेही वाक्य न घासता लिहून काढले. आणि सगळ्यांत आधी लिहायला हवे होते, ते शेवटी लिहिले:

आमच्या प्रमुखांना आता कुणीही ओळखू येत नाही. मीसुद्धा.