पाटफणसाच्या आठळ्या

रावजीला पाटफणसाच्या आठळ्यांचं भारी वेड. पाटफणस म्हणजे फणसाचा रानटी भाऊ. खोड सरळसोट, फळ मुठीएवढं, आठळी शेंगदाण्याएवढी. मागच्या परड्यातल्या त्या झाडावर तो दर वैशाखात चढायचा, खाली उभी राहून तुळसा करवादायची, आणि संध्याकाळी भाजलेल्या आठळ्या नवरा-बायको मिळून फस्त करायची. गेल्या वैशाखात मात्र तो दोन दिवस नुसता ओटीवर लोळत पडला. तुळसाचं डोकं फिरलं.

"आठळ्या आणल्याबिगर उंबरा ओलांडायचा नाय," ती म्हणाली. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नव्हे. रावजी हसत हसत झाडाकडे गेला. फांदी मोडली, आणि चौघांनी त्याला आणला तो अंगणापर्यंतच.

यंदा फळं पिकली तशी रोज तिन्हीसांजेला मागल्या दारी पावलं वाजू लागली. झाडाकडून यायची आणि उंबऱ्याशी थांबायची. तुळसा कडी घालून देवापुढे बसायची. दहा दिवसांत ती निम्मी झाली. मुंबईहून दीर संदेश फोनवर म्हणाला, "वयनी, झाड देऊन टाक. झाड गेलं की सगळं थांबंल." तिने दाभोळच्या बाबू सुताराला निरोप धाडला. होड्या बांधणारा माणूस, त्याला असलं लाकूड हवंच होतं. उद्या सकाळी तो कुऱ्हाड घेऊन येणार होता.

शेवटचं म्हणून तुळसाने दुपारी पडलेली फळं वेचली, आठळ्या धुतल्या आणि मागल्या पायरीवर सुपात वाळत ठेवल्या. भाजण्याआधी प्रत्येक आठळीला चीर द्यावी लागते, नाहीतर ती फुटून डोळ्यात उडते. हे काम कायम रावजीचं. अंधारायच्या आत तिने घाईने सूप घरात घेतलं, कडी घातली आणि आठळ्या तापल्या खापरात ओतल्या. मग चिरेचं आठवलं. पदर तोंडावर धरून ती मागे सरली.

एकही आठळी फुटली नाही.

तिने एक उचलून पाहिली. चीर होती. दुसरीलाही होती. सगळ्यांना होती, आणि प्रत्येक चीर उलट्या बाजूला कललेली, डाव्या हाताने दिलेली. घरात डावखुरा एकटा रावजीच.

दाराबाहेर पावलं येऊन थांबली. तुळसाची भीती कुठच्या कुठे पळाली, उरली ती नुसती शरम. वर्षभर हा माणूस आपल्या एका शब्दापायी बाहेर उभा, आणि आपण रोज कडी घालतोय! रडत रडत तिने दार उघडलं.

"आणल्यात ना आठळ्या? मग या आत," ती म्हणाली. "चुकलं माझं."

दारात कोणीच नव्हतं. तरी तिने दोन ताटल्या वाढल्या.

सकाळी बाबू सुतार आला. चुलीपाशी दोन ताटल्यांत टरफलं पाहून म्हणाला, "पावणे आलेत काय, वयनी?"

"पावणे कसले? घरधनी."

बाबूने खांद्यावरची कुऱ्हाड खाली टेकली. "मग... झाडाचं?"

"नाय द्यायचं," तुळसा म्हणाली. "पुढल्या वर्षी आठळ्या कुठून आणतील ते?"